अंबूताईची उघडी जीप

अंबूताईच्या नवऱ्याचा टांगा होता. आधी घोडा गेला, दोन वर्षांनी नवरा गेला, तेव्हा लोकांना वाटलं, ही आता भावाकडे जाऊन राहील. तिने टांगा मोडीत काढला, लिलावातली एक जुनी जीप घेतली, तिचा टप कापून टाकला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली. शिकताना एक दिव्याचा खांब, दोन कुंपणं आणि शिकवणाऱ्याचा धीर एवढंच काय ते खर्ची पडलं. त्याला आता बारा वर्षं झाली. धारवाडातले कितीतरी नवरदेव तिच्या उघड्या जीपमधूनच बोहल्यावर चढायला गेलेत.

अक्षयच्या लग्नात मात्र सुरुवातीलाच माशी शिंकली. त्याचे मामा सुधींद्र हे हुबळीतले वकील. ड्रायव्हर कुठाय, असं त्यांनी अंबूताईलाच विचारलं. मीच, म्हटल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं, दुसरी सोय करायला वेळ नाही हे ओळखलं आणि देखरेखीसाठी स्वतःच पुढच्या सीटवर चढून बसले. मग वाटभर त्यांचं एकच चाललं, "निधाना अक्का, निधाना." हळू घ्या. जीप बँडवाल्यांच्या मागे आधीच मुंगीच्या पावलाने चालली होती. आणखी हळू घ्यायची तर उलटीच न्यावी लागली असती. पण अंबूताईने नुसती मान डोलावली. वराकडच्या मामांशी वाद घालू नये, एवढं ती धंद्यात शिकली होती.

सुभाष रोडवर नाचणाऱ्यांसाठी मिरवणूक थांबली. मागच्या उंच खुर्चीवर अक्षय, गळ्यात गुडघ्यापर्यंत येणारा निशिगंधाचा हार. तेवढ्यात एक पांढरी गाय आली, तिने मागून जीपमध्ये मान घातली आणि हाराचं टोक तोंडात धरलं. मित्र चेष्टा करतायत असं समजून अक्षय हसत वळला, तोवर वीतभर हार गायीच्या पोटात गेला होता. त्याने ओढलं, गायीनेही ओढलं.

हार काढून देऊन टाका, असं अंबूताईने सुचवलं. मामांना ते पटेना. लग्नाआधी गळ्यातला हार उतरवणं म्हणजे अपशकुन. मग अंबूताईने गिअर टाकला. पुढे बँड, मध्ये जीप आणि मागून हार चघळत गाय, अशी मिरवणूक निघाली. कार्यालय दिसू लागलं तेव्हा अक्षयच्या गळ्यात नुसता दोरा उरला होता. गाय निवांतपणे पुढे आली. जीपला ना दार, ना काच. मामांच्या फेट्याचा शेमला तिच्या अगदी तोंडाशी लोंबत होता. पहिलाच हिसका बसला, तसे मामा दोन्ही हातांनी फेटा धरून हलक्या आवाजात म्हणाले, "अक्का, जरा जोरात घ्या."

अंबूताईने जोरात घेतली. नाचणारे बाजूला उड्या मारत सुटले आणि बँडवाले वाजवत वाजवत धावले.

कार्यालयाच्या दारात सगळे धापा टाकत पोचले. मागोमाग गायही आली. वधूच्या आजीला वाटलं, गोमाता मुद्दाम वरासोबत आली. तिने आधी गायीला हळदकुंकू लावलं, मग वराला. मामांनी तेवढ्यात फेट्याचा शेमला आत खोचून घेतला.

लग्न लागलं. परतीच्या वरातीच्या वेळी नवरी, अळणावरची प्रियांका, जीपभोवती एक चक्कर मारून आली आणि तिने अंबूताईला विचारलं, मी चालवू का? शेतावर वडिलांची जीप ती कॉलेजात असल्यापासून चालवत होती. बारा वर्षांत अंबूताईने दुसऱ्या कुणाला त्या स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता.

"लायसन्स आहे का?" मामांनी विचारलं.

प्रियांकाने शालूच्या घडीतून छोटी पर्स काढली आणि लायसन्स त्यांच्या हातात ठेवलं. मामांनी ते दोन्ही बाजूंनी वाचून परत केलं.

अंबूताईने किल्ली दिली. नवरदेव नवरीशेजारी पुढे बसला. मामा मागच्या बाकावर अंग चोरून बसले. मग उरली ती उंच खुर्चीच. अंबूताई तिच्यावर चढून बसली. पदर सारखा केला. बाजारात दोघातिघांनी कोणी पुढारीण असेल असं समजून हात जोडले, आणि तिनेही प्रत्येकाला मान लववून नमस्कार केला.