गोगलगायीचा थर

पिंगळीला विहीर खोदणारा तो मुकादम मला एकदाच भेटला, तिथलं संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरच्या वर्षांत. वर आलेल्या टोपलीतला प्रत्येक खडा तो अंगठ्याने घासून बघे. त्या दुपारी दगड झालेली गोगलगाय निघाली. त्याचा अंगठा थांबला. दोर घट्ट धरून त्याने खालच्या चौघांना वर बोलावलं.

“गोगलगायीला भ्यायलाव का, मुकादम?” विहिरीचा मालक हसला.

“बोरी गावच्या विहिरीत हीच निघाली व्हती. त्योच मऊ थर हाय ह्यो. तिथं ढासळला, माझा भाऊ खालीच ऱ्हायला.”

माझ्यासोबत पाण्याच्या पाहणीला आलेले भूगर्भतज्ज्ञ म्हणाले, “बरोबर आहे. तळ्याच्या गाळात दबलेल्या गोगलगायींचा दगड होतो. दोन्हीकडे एकच जात सापडली, तर थर एकाच काळाचा.”

चौघंही वर आले. तरी मुकादमाने दोर सोडला नाही. तो खाली बघत राहिला.