उतारावर ओढलेला खटका
वाळत घातलेल्या जाळ्यांचा खारट वास आला की मला घरापासून किनाऱ्याकडे उतरणारी वाट दिसते. बाबांनी जन्मभर रिक्षा चालवली आणि उतारावर ती नेहमी इंजिन बंद करून सोडली. त्यांच्या पायांतलं बळ गेल्यावर आम्ही त्यांना बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची घेतली, तर त्या गाडीचाही मोटर चाकांपासून सोडवणारा खटका त्यांनी त्या वाटेच्या उतारावरच ओढला. "उतारार ब्याटरी कित्याक जाळूची?" त्या खटक्याने ब्रेकही सुटतो, हे माझ्या तोंडून निघेपर्यंत गाडी घरंगळली होती. "धर गो माका!" बाबा ओरडले. मी धावत होते आणि अंतर वाढतच होतं. खाली रापणीच्या जाळ्यांच्या ढिगात गाडी रुतली, तसे ते हसले. त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं ते तेवढंच, आणि तेही जाळ्यांनी दिलं. अजून तो वास आला की माझे हात पुढे होतात.