बेसच्या पेटीतला कापूस

बेस गिटार वाजली तरी कळत नाही आणि थांबली तरी कळत नाही, असं आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांचं ठाम मत होतं. त्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारा मी होतो. यवतमाळहून आमचा टेम्पो गावोगाव जायचा. कापसाचे भाव पार बसलेले होते, पण लग्नं आणि जत्रा काही बसल्या नव्हत्या.

माझा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे स्पीकरसकट एक लाकडी पेटी. तिचा आवाज रिकाम्या पिंपासारखा. एकदा आमचा ड्रमर कुठून तरी ऐकून आला की पेटीत लोकर भरली की आवाज गोल होतो. आमच्याकडे लोकर कुठली? कापूस मात्र मुबलक. माझ्या मावसभावानं भाव चढेल या आशेवर घरात आढ्यापर्यंत रचून ठेवला होता आणि सगळं घर अंग खाजवत त्याच्याच शेजारी झोपत होतं.

"ने बाप्पा, पोतंभर ने," तो म्हणाला. "तेवढंच पाय लांब करता येईन."

आम्ही पेटी सरकीसकट ठासून भरली. आवाज काय गोल झाला म्हणून सांगू! खालच्या सुरांना सरकी जरा खुळखुळायची, पण त्याला आम्ही स्पेशल इफेक्ट म्हणायचो.

मात्र तेव्हापासून पेटी तिसऱ्या गाण्याला मुकी व्हायला लागली. मी दरवेळी व्होल्टेजकडे बोट दाखवायचो. विजेची तेव्हा इतकी बोंब होती की कुणालाही पटायचं. मालकांना मात्र पटेना.

"हे पाय," ते म्हणाले, "कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवते. फुकट. आता एकडाव पेटी बंद पडली का तू घरी."

कीबोर्डवाल्यानं लगेच डाव्या हाताची बोटं मोडून दाखवली.

पुढचा कार्यक्रम ढाणकीजवळच्या एका गावात, जत्रेत, दिवेलागणीला. मालकांनी मुद्दाम जनरेटर आणला, म्हणजे मला व्होल्टेजचं नाव काढायला नको. समोर सगळे कापूसवाले शेतकरी. तिसरं गाणं सुरू झालं आणि पेटीनं मान टाकली. कीबोर्डवाल्याचा डावा हात अगदी प्रेमानं खाली सरकला.

मी पेटीच्या पाठीला हात लावला तर तवा! तेव्हा डोक्यात उजेड पडला. वारा आत जायच्या जाळीवर आतून कापूस घट्ट बसला होता. बिचारी तापली की जळू नये म्हणून स्वतःच बंद होत होती. मी भर मंचावर स्क्रू काढले, फळी उघडली आणि ओंजळीनं कापूस उपसायला लागलो.

गाणं थांबलं. पुढच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "का गा, भाव भेटला काय त्याले?"

"नाही ना बाबाजी," मी म्हणालो. "म्हणून तर इथं लपवला."

हशानं मंडप फुटायचा बाकी राहिला. कुणी ओलावा किती विचारलं, कुणी ग्रेड. एकजण मंचाजवळ येऊन बोटांनी धागा ओढून पाहत गंभीरपणे म्हणाला, "माल चांगला हाये. घरी नेऊन ठेव." एवढ्यात पेटी निवली. मी तार छेडली आणि ती धडधडली, पुन्हा पिंपासारखी. लोकांनी त्या पहिल्या सुरालाच टाळ्या दिल्या. बेसला टाळ्या मी तोवर कधी ऐकल्या नव्हत्या.

सामान भरताना मालक जवळ आले. मी गिटारची पिशवी हातातच ठेवली होती, कारण ती घेऊन घरी जायचं की टेम्पोत चढायचं हे अजून ठरायचं होतं.

"चढ वर," ते म्हणाले. "पण पुढच्या डावी कापूस भरूनच आणजो. तिसऱ्या गाण्याले बंद पाडाची. पब्लिकले लई आवडलं."

"मालक, आता ती चांगली चालते."

"चालाले कोणी सांगतलं तुले?"

तेव्हापासून प्रत्येक गावी मी जाळी सोडून बेतानं कापूस भरायचो, तिसऱ्या गाण्याला पायानं गुपचूप प्लग काढायचो आणि चेहरा शक्य तेवढा पाडायचो. नोकरी पक्की झाली. एकदा कीबोर्डवाला मालकांना कोपऱ्यात गाठून विनवत होता, "मालक, एखाद्या डावी माह्यं बी काही बंद पडू द्या ना."