हळदूच्या ढोलीतली यमी

चार माणसं जंगलात एकत्र राहिली की किस्से आपोआप साचतात. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत आलापल्लीच्या पुढे आमचं जंगलखात्याचं रेंज ऑफिस होतं, मी तिथे कारकून. आमच्या निम्म्या किश्श्यांच्या मुळाशी एकच माणूस, मुलांच्या मासिकात जादूच्या गोष्टी लिहिणारा एक लेखक. त्याला कोणी पाहिलं नव्हतं. आम्ही त्याला 'राक्षसवाले भाऊ' म्हणायचो. आमची मुलंबाळं शाळेसाठी गावीच होती, तरी मासिकाची वर्गणी आम्ही भरायचो!

*

मासिक चांद्याहून मोटारीनं यायचं. पहिला हक्क रेंजर साहेबांचा. एकदा कंत्राटदार भेटायला आला, तर साहेबांनी 'अर्जंट केस आहे' म्हणून त्याला व्हरांड्यात बसवून ठेवलं. आत केस चालू होती ती उडत्या पलंगाची.

*

मग लाकडाच्या डेपोत साऱ्यांसमोर वाचन व्हायचं. फॉरेस्ट गार्ड दशरथभाऊ मराठीत वाचायचे आणि तोडीच्या मजुरांचा मुकादम महागू तेच गोंडीत सांगायचा. महागूचा राक्षस जरा जास्तच जेवायचा. दशरथभाऊ चिडले, तर म्हणाला, "एवढा मोठा राक्षस, अन् राक्षसवाल्या भाऊनं त्याले उपाशी ठेवला. मले नाई पटत."

*

एका गोष्टीत यमी नावाची पोरगी हळदूच्या झाडाच्या ढोलीत शिरली, दार बंद झालं आणि खाली 'क्रमशः' आलं. आमच्या जंगलातही तसाच एक ढोलीचा हळदू होता. साहेबांनी स्वतः त्यावर हातोड्याचा शिक्का मारलेला, म्हणजे तो पाडायचाच. महागूची माणसं त्याला वळसा घालून पुढची झाडं पाडत राहिली.

साहेब तपासणीला आले. शिक्क्याचं झाड उभं राहिलं तर वर जाब त्यांनाच द्यावा लागणार. ते भडकले.

"पोरगी आत हाये, साहेब," महागू म्हणाला. "पुढचा भाग येऊ द्या. ते निघाली का पाडतो."

साहेबांनी ढोलीत डोकावून पाहिलं. मग त्यांनी मुदत दिली, अंक येईपर्यंत.

अंक आला. दशरथभाऊंनी तो त्या झाडाखालीच उघडला. गोष्टीच्या जागी काळी चौकट होती. लेखक वारले, गोष्ट अपुरीच राहिली, असं संपादकांनी छापलं होतं. दशरथभाऊंनी अंक मिटला. घरचं माणूस गेल्यासारखं सगळ्यांनाच झालं.

"मंग ते पोरगी?" महागूनं विचारलं.

साहेबांनी त्याच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि खोडावरचा आपलाच शिक्का तासून काढला.