खोल पाण्याची घड्याळं

समुद्राच्या तळाशीही चालेल असं घड्याळ मनगटावर मिरवणारे आमचे नाना हात धुवायच्या आधी ते काढून ठेवत. शिवाजी पार्कला ते आमच्या समोरच्याच दारात राहायचे. कर सल्लागार म्हणून उभी हयात गेली, मूलबाळ नव्हतं, आणि जे काही साठलं ते समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या घड्याळांत घातलं. तीही साधीसुधी नव्हेत, लिमिटेड एडिशन. नवं घड्याळ आलं की नाना बिल्डिंगभर पेढे वाटत आणि आम्ही त्यांना विचारायचो, आता पोहायला कधी निघताय? चौपाटी एवढी जवळ, पण त्यांनी वाळूत पाय ठेवलेला मी कधी पाहिला नाही.

घड्याळ हातात आलं की नाना तबकडीकडे न बघता आधी ते उलटं करत. मागच्या बाजूला त्या एडिशनमधला त्याचा स्वतःचा नंबर कोरलेला असे. तो भिंगातून वाचून झाला की मग पुढची बाजू. एका डीलरने एकदा फार देखणं घड्याळ आणलं होतं, पण त्यावर नंबर नव्हता. नानांनी ते हातातही धरलं नाही. नंबरात एवढं काय आहे, असं मी विचारलं, तर म्हणाले, "नंबर असला की कुठेही सापडू दे, कुणाचं ते कळतं रे." शौकिनाचं खूळ म्हणून मी सोडून दिलं.

दुसरी सवय त्याहून विचित्र होती. या घड्याळांच्या तबकडीभोवती एक फिरती रिंग असते. पाण्यात उतरताना पाणबुड्या तिच्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणतो, म्हणजे आत जाऊन किती वेळ झाला ते त्याला कळतं. नाना ही रिंग त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, भाजीला निघाल्या की फिरवत. मी ऑफिसला निघालो तरी जिन्यात मागून तिची करकर ऐकू येई, आणि आपण रस्त्यावर नाही, कुठेतरी खोल उतरतोय असं वाटे. काकूंना यायला उशीर झाला की नाना दारात पांढरेफटक उभे. मी त्यावरून चिडवायला गेलो तेव्हा काकूंनी मला नजरेनेच गप्प केलं, आणि नंतर बाळूची हकीकत सांगितली.

बाळू हा नानांचा धाकटा भाऊ. तेव्हा घर फणसवाडीत होतं, गणपती गिरगाव चौपाटीवर जायचा. धाकट्याने मूर्ती घेऊन पाण्यात शिरायचं आणि थोरल्याने काठावर सगळ्यांच्या चपला, पाकिटं, घड्याळं सांभाळायची, अशी घरची रीत. त्या वर्षी बाळू मूर्ती घेऊन आत गेला आणि गर्दीत दिसेनासा झाला. कुणी घाबरलं नाही. घर हाकेच्या अंतरावर, चुकलामाकला तर येईल चालत, अशी सगळ्यांची खात्री. मंडळी घरी आली, खिरापत वाटली, बाळूची वाटी झाकून ठेवली. बराच वेळ झाला तरी तो येईना, मग धावतपळत परत चौपाटी गाठली, तेव्हा शोधणाऱ्यांनी एवढंच विचारलं, की मुलगा आत जाऊन किती वेळ झाला? विसर्जनभर नानांच्या दोन्ही मुठींत घड्याळं होती, तरी त्यांना सांगता येईना. बाळू सापडलाच नाही.

नाना स्वतः यावर एकदाच बोलले. नवं घड्याळ पुसता पुसता म्हणाले, "हे तीनशे मीटरपर्यंत तगतं. आमचा बाळू छातीभर पाण्यात होता." त्यानंतर मी चिडवणं सोडलं. ऑफिसातून आलो की आधी त्यांची बेल वाजवायचो. "आलास," एवढंच म्हणत आणि रिंग सरळ करत. मला त्या माणसाचा फार लळा लागला होता.

मागच्या वर्षी मी आणि काकूंनी त्यांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी परळच्या एका हॉस्पिटलात नेलं. आत नेताना सिस्टरने घड्याळ काढायला सांगितलं. नानांनी ते माझ्या मनगटावर बांधलं आणि म्हणाले, "मी आत गेलो की फिरव. विसरू नकोस."

दार बंद झालं आणि मी रिंग फिरवली. ती तासाभराचाच हिशेब ठेवते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तास उलटला की काटा पुन्हा त्याच खुणेवर येतो, आणि घड्याळाच्या लेखी माणूस आत्ताच आत गेलेला असतो. काटा येत राहिला, जात राहिला. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि मास्क ओढून त्यांनी मान खाली घातली. त्यांनी तोंड उघडायच्या आत काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि घड्याळ झाकून टाकलं.