शेवटचं गाणं स्वयंपाकघरातलं

दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमध्ये जिथे ट्राम वळताना चिरकतात, त्या कोपऱ्यावर एक पब आहे. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी त्याच्या वरच्या खोलीत आमचा फोक क्लब, म्हणजे लोकसंगीत ऐकणाऱ्यांचा क्लब, भरतो. क्लब म्हणजे वीसेक माणसं, बहुतेक रिटायर झालेली, एक चांगला रेकॉर्ड प्लेअर आणि भरपूर चहा. पबमध्ये येऊन चहा पितो म्हणून खालचा बारवाला आम्हांला हसतो.

मी तिथे वर्षभर जात होते आणि वर्षभरात ‘हॅलो’, ‘थँक यू’ आणि ‘नो शुगर’ यापलीकडे फारसं काही बोलले नव्हते. मला ते चालत होतं. ऐकायलाच तर जायचे. पण डिसेंबरची बैठक वेगळी असते. त्या वर्षात निघालेला, आपल्याला सगळ्यांत आवडलेला रूट्स म्युझिकचा एक अल्बम प्रत्येकाने आणायचा. त्यातलं एक गाणं लावायचं आणि तो का आवडला ते उभं राहून सांगायचं. देश कुठलाही चालतो, फक्त गाण्याची मुळं कुठल्या तरी मातीत हवीत. शेवटी सगळ्यांची निवड आणि प्रत्येक निवडीपुढे एका ओळीत कारण, असं पबच्या मेन्यूच्या फळ्याच्या मागच्या बाजूला खडूने लिहितात. जानेवारीभर तो फळा जिन्यात असतो.

माझी निवड उन्हाळ्यातच झाली होती. कॅनडातल्या, क्यूबेकच्या एका तरुण बाईचा अल्बम. ती फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, वाजवते, गाते, आणि त्याच वेळी खुर्चीवर बसून बुटांनी लाकडी जमिनीवर ठेका धरते. टाच, चवडा, टाच, चवडा. तिकडची ही जुनी रीत आहे. ढोल नाही, काही नाही, पायच वाद्य. ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये मी तो अल्बम इतक्यांदा ऐकला की स्टेशनांची नावं मला त्या गाण्यांवरून आठवायची.

नोव्हेंबरच्या बैठकीनंतर क्लब चालवणारे आजोबा माझ्याजवळ आले. ते पूर्वी भूगोल शिकवायचे. “या वेळी आम्हांला तुमच्या भागातलं काहीतरी ऐकायला मिळणार तर!” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी नुसती हसले.

घरी येताना मला स्वतःचाच राग आला. आपली गाणी मला नकोशी आहेत असं नाही. पण त्या वर्षी मला वेड लावलं होतं ते त्या बाईच्या पायांनी. आणि त्या खोलीत दुसऱ्या कुणाला ‘तुम्ही इंग्लंडचंच आणा’ असं कुणी म्हणत नव्हतं. मी ठरवलं, न्यायचा तर हाच अल्बम. आणि त्याच्याबद्दल बोलायचं.

बोलायचं म्हणजे मला आधी पाठ करावं लागतं. पुण्यातल्या इंग्लिश मीडियम शाळेत इलोक्युशन स्पर्धांसाठी लागलेली सवय अजून सुटली नाही. ऑफिसच्या कॉलआधीसुद्धा मी वाक्यं घोकते. मी चार चांगली वाक्यं तयार केली. ती खरी वाटावीत म्हणून पायांचा ठेकाही शिकायला घेतला. कपाटाची एक सुटी फळी जमिनीवर टाकली, खुर्ची ओढली आणि बूट घालून बसले.

“काय करून राहिली गं तू?” माझी फ्लॅटमेट दारात उभी. ती नागपूरची. “खालची म्हातारी छताला झाडू ठोकून राहिली. कौन्सिलमध्ये तक्रार करेल ती.”

“पाचच मिनिटं.”

“कॉलवर ‘कॅन यू हिअर मी’ म्हणायला तुला घाम फुटते, अन् इथे टापा वाजवून राहिली! तिथे तोंड उघडशील, की पायानंच बोलशील?”

“उघडीन.”

“बघतेच मी,” असं म्हणून ती आत गेली, आणि एक जुनी रजई आणून तिने फळीखाली सारली.

डिसेंबरच्या त्या रविवारी खोली भरलेली होती. सुरुवात आफ्रिकेतल्या मालीच्या कोऱ्याने झाली. कोरा म्हणजे अर्ध्या भोपळ्याला दांडा बसवून खूप तारा ओढलेलं वाद्य. तो अल्बम आणणारी नर्स म्हणाली, “हा ऐकत मी माझी अख्खी बेडरूम रंगवली. रंग चुकला, अल्बम नाही.” मग नॉर्वेचा एक फिडलवाला आला, गोठ्यात रेकॉर्ड केलेला. त्यात मध्येच एक गाय हंबरते आणि तो तिच्यासाठी थांबतो. मग वेल्सची हार्प. मग कॅनडाच्या सपाट प्रदेशातला एक बँजोवाला, ज्याची गाणी मला सगळी सारखीच वाटली.

माझ्या आधी नंबर होता तो अकॉर्डियन वाजवणाऱ्या एका धिप्पाड माणसाचा. त्याचा आवाज खालच्या बारपर्यंत जातो. त्याने पिशवीतून रेकॉर्ड काढली आणि कव्हरवरची पिवळी खुर्ची मी लांबूनच ओळखली. तोच अल्बम.

तो छान बोलला, हेच वाईट झालं. क्यूबेक, पाय, खुर्ची, फिडल. माझी चारही वाक्यं एकेक करून त्याच्या तोंडून बाहेर पडली. तिसऱ्याला तर मी त्याच्याबरोबर ओठ हलवत होते. पहिलं गाणं लावून झाल्यावर तो म्हणाला, “शेवटचं मात्र ऐकू नका. कुणाच्या तरी किचनमध्ये रेकॉर्ड केलंय. भांडी वाजतात, ती मध्येच चुकते. ते काढूनच टाकायला हवं होतं.”

मग सगळे माझ्याकडे वळले. मी उभी राहिले, हातात तीच पिवळी खुर्ची. खोलीत हशा पिकला, वाईट नव्हता तो.

“अरेरे,” आजोबा म्हणाले. “काळजी करू नका. फोनवर तुमच्याकडचं काहीतरी असेलच ना? ते लावू या. आम्हांला तर आवडेलच.”

माझ्या फोनवर होतं. दोन मिनिटांत सुटका झाली असती आणि सगळे खूश झाले असते. डोक्यात एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

“नाही,” मी म्हणाले. “हाच. शेवटचं गाणं लावा.”

अकॉर्डियनवाल्याने भुवया उंचावल्या. आजोबांनी सुई ठेवली.

त्या गाण्यात फिडल नाही. फक्त आवाज आणि पाय. कुणीतरी ताटली ठेवतं, खुर्ची सरकते. दुसऱ्या कडव्यात ती शब्द विसरते, हसते. पण पाय थांबत नाहीत. ते तिला चालवत राहतात, आणि थोड्या वेळाने त्यांच्याच ठेक्यावर ती पुन्हा गाणं पकडते. मला फ्रेंच येत नाही. तरी ती जागा मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकली होती.

गाणं संपल्यावर मी बोलले. काय बोलले ते शब्दशः आठवत नाही, कारण ते पाठ केलेलं नव्हतं. हे आठवतं की मी खुर्चीवर बसले, म्हणाले, “हे असं करतात, मला अजून नीट येत नाही,” आणि ठेका धरला. पबची जमीन जुन्या लाकडाची होती. घरच्या फळीपेक्षा कितीतरी मोठा आवाज आला. मध्ये माझा पाय चुकला. “बाकीचा अल्बम लोकांसाठी केलाय,” मी म्हणाले. “हे गाणं तिच्या घरातलं आहे.”

“मला तरी ते लांबलेलंच वाटतं,” अकॉर्डियनवाला म्हणाला.

“लांबलेलंच आहे. मला तसंच हवंय.”

“किचनमध्ये लोक जेवतात, बाई. रेकॉर्डिंग नाही करत.”

“म्हणून तर.”

तो मोठ्याने हसला. पटलं नव्हतं त्याला, आणि मीही माघार घेतली नव्हती.

शेवटी आजोबा खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहिले. पिवळ्या खुर्चीच्या अल्बमपाशी आल्यावर ते थांबले. “अल्बम एकच आहे. एकदाच लिहू ना? दोघांच्या वतीने?”

“दोनदा लिहा,” मी म्हणाले. “कारणं दोन आहेत.”

त्यांनी दोनदा लिहिलं. जागा कमी पडली म्हणून माझी ओळ कडेने वर वळून वेल्सच्या हार्पला जाऊन टेकली.