फेब्रुवारीतला अर्ज

"तीन सेकंद," म्हणत सर तीन बोटं वर करायचे. हँडबॉलमध्ये चेंडू हातात धरून त्याहून जास्त थांबता येत नाही. मुलं इंग्रजीत वाद घालायची. सर मराठीतच ऐकवायचे, "दे की लवकर. अंडं उबवतोस का काय?"

वसईला परतण्याआधी मी कतारला, दोह्याजवळच्या अल गराफातल्या एका भारतीय शाळेचं ऑफिस सांभाळायचे. सर तिथे पीटी शिकवायचे. उन्हात मैदानावर पाय ठेववत नाही, म्हणून त्यांनी तळघरातल्या पार्किंगमध्ये दोन खांबांचा गोलपोस्ट केला, सातऐवजी पाच खेळाडू घेतले आणि नियम स्वतः लिहून काढले. आज दोह्यातल्या कितीतरी भारतीय शाळा त्याच नियमांनी खेळतात. ते नियम सांगलीकडच्या माणसाचे आहेत, हे त्यांच्या गावीही नाही. मला राग यायचा. सर म्हणायचे, "खेळतात ना? मग झालं."

दर फेब्रुवारीत मात्र ते माझ्या टेबलावर राजीनामा ठेवायचे. "बाई, या वेळी नक्की." महिनाअखेरपर्यंत तो वरच्या मजल्यावर प्रिन्सिपॉल साहेबांकडे पोचला नाही, तर करार आपोआप वर्षभर वाढायचा. बायको-लेक गावी, सर अल रय्यानमध्ये चौघांच्या खोलीत. दोन दिवसांनी यायचे. "असू द्या, बाई. लेकीची बारावी होऊ दे." पुढच्या वर्षी बहिणीचं लग्न, मग घराचा स्लॅब. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचं हसं होऊ नये म्हणून मी अर्ज वर पाठवायचेच नाही, ड्रॉवरमध्ये ठेवायचे. अशी सात वर्षं गेली.

आठव्या वर्षीही मी तो ड्रॉवरमध्येच ठेवला; या वेळी सर "असू द्या" म्हणायला आलेच नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मार्च उजाडल्यावर सर खजुराचा डबा घेऊन आले. गावाकडे ज्या शाळेत ते हँडबॉल शिकले, तिथल्या म्हाताऱ्या गुरुजींनी त्यांना आपल्या जागी बोलावलं होतं.

"जूनला हजर व्हायचंय, इन्शाल्ला. साहेबांची सही झाली ना?"

मी झटकन ड्रॉवर उघडला. अर्ज तिथेच होता. तो घेऊन मी वर धावले, साहेबांपुढे हात जोडले. तारीख उलटली, खलास, एवढंच ते म्हणाले.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. "तुमचं काय चुकलं, बाई? सवय मीच लावली," म्हणाले आणि तासाला निघून गेले. जूनमध्ये गुरुजींच्या जागी दुसरा कुणी आला.

पुढच्या फेब्रुवारीत मी रोज वाट पाहिली. शेवटच्या दिवशी राहवेना, तेव्हा तळघरात गेले.

"सर, अर्ज द्या. मी आत्ता स्वतः वर नेते."

सर खांबावरची सुटलेली पट्टी चिकटवत होते.

"आता कशाला, बाई," ते म्हणाले. "त्या वेळी कुणीतरी बोलावलं होतं."